किल्लीवरची सही



लातूरच्या या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला आधी 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे या शहरात गल्लोगल्ली आहेत आणि फलकांवरचे त्यांचे फोटोही माझ्यापेक्षा चांगले येतात, म्हणून मी विषय बदलून मागितला. मी मुक्त सॉफ्टवेअरचं काम करते. नांदेडला श्रीनगरात दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून करते. हे काम कसं चालतं, घरबसल्या करायच्या कामासाठी एवढं फिरावं का लागतं आणि यात आपल्या मराठवाड्याचा काय संबंध, एवढंच आज सांगणार आहे.

ज्यांना मुक्त सॉफ्टवेअरची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या एका प्रयोगशाळेत नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा आणि लांबच्या खोलीत बसलेल्या माणसाला ते कळायचं नाही. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये यावर उपाय करून ठेवला होता: कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र मिळेना. ज्या प्राध्यापकाकडे तो होता त्याने सांगितलं, 'मी कुणाला न देण्याचा करार केलाय.' त्यातून पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना आला. त्याचा मथितार्थ असा: प्रोग्रॅम वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, विकलात तरी हरकत नाही, पण तुम्हाला जे हक्क मिळाले तेच पुढच्याला द्यायचे. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जाहीर केलं आणि १६ ऑगस्ट १९९३ ला इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन या लिनक्सवर उभ्या असलेल्या संगणकप्रणालीची घोषणा केली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला. त्यामुळे ते साल निदान आपल्याला पाठ करावं लागत नाही.

मी काम करते ते या डेबियनमध्ये. ही कंपनी नाही. तिला मालक नाही, भागधारक नाहीत. १९९७ मध्ये त्यातल्या लोकांनी आपापसात एक सामाजिक करार केला, पुढे घटना लिहिली, आणि तेव्हापासून दरवर्षी मतदान करून प्रकल्पाचा नेता निवडतात. जगभर पसरलेले हजाराच्या आसपास डेव्हलपर आणि त्यांच्याभोवती माझ्यासारखे मेंटेनर, भाषांतर करणारे, चुका कळवणारे. २०२३ च्या आवृत्तीत चौसष्ट हजारांवर पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार केलेले प्रोग्रॅम, होती, २०२५ च्या आवृत्तीत ती सत्तर हजारांच्या घरात गेली. उबंटू डेबियनवरच उभं आहे. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेलं 'बॉस लिनक्स' डेबियनवरच उभं आहे. तुम्ही ज्या संकेतस्थळावर निकाल बघता, ज्या सर्व्हरवरून तिकीट काढता, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तळाला हेच किंवा याचंच भावंड असतं.

आता रोजचं काम. 'सॉफ्टवेअर बनवते' असं सांगितलं की लोकांना वाटतं, काहीतरी नवीन निर्माण होत असणार. तसं फार कमी घडतं. माझ्या वाट्याला काही पॅकेजेस आहेत आणि मी ती सांभाळते. मूळ प्रोग्रॅम कुणीतरी जर्मनीत नाहीतर ब्राझीलमध्ये लिहिलेला असतो. तो डेबियनच्या घरात नीट नांदावा, बाकीच्यांशी भांडू नये, नवी आवृत्ती आली की जुन्या फाइलींची नासाडी होऊ नये, हे बघायचं. सकाळी उठून पत्रं बघायची. कुणीतरी लिहिलेलं असतं की तुमचं पॅकेज माझ्या यंत्रावर चालत नाही. त्याचं यंत्र कुठलं, आवृत्ती कुठली, नेमकं काय टंकलं, हे चार पत्रांत काढून घ्यायचं. डॉक्टरांच्या ओपीडीत चालतं तसंच. आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे परवान्यांचं. प्रत्येक पॅकेजमध्ये 'कॉपीराइट' नावाची एक फाइल असते. तिच्यात आतल्या प्रत्येक फाइलचा हक्क कुणाचा आणि अटी काय, हे लिहावं लागतं. शेकडो फाइली असतात आणि त्यांतल्या एखाद्या कोपऱ्यातल्या चित्राचा परवाना 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' निघाला की सगळं पॅकेज परत येतं. हे तपासणारे लोकही बिनपगारीच, पण तलाठ्याने सातबारा बघावा तशा बारकाईने बघतात.

आई अधूनमधून दारात येऊन विचारते, "काय करलालीस गं दिवसभर?" दिवसा मी एका परदेशी कंपनीचे सर्व्हर सांभाळते. त्यावर घर चालतं. डेबियन रात्री. हे सांगणं गरजेचं आहे, कारण व्याख्यान संपल्यावर पहिला प्रश्न 'पोटापाण्याचं काय' हाच येतो. या कामाचे थेट पैसे फार थोड्यांना मिळतात. पण मला जी नोकरी मिळाली ती मुलाखतीत उत्तरं देऊन मिळालेली नाही. माझी उघड्यावर असलेली कामं, माझी पत्रं, माझे वाद, सगळं त्यांना वाचायला मिळत होतं.

आमच्या पिढीच्या मागे-पुढे असलेल्या मुलांना एक आठवण असेल. इंटरनेट नसताना लिनक्स यायचं टपालाने. 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबर सीडी मिळायची आणि २००५ ते २०११ या काळात उबंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पाठवायचे. परदेशी पाकीट गल्लीत आलं की पोस्टमनसकट सगळ्यांना उत्सुकता. पुढची अडचण अशी की सीडीवरून बसवलेलं डेबियन अद्ययावत ठेवायला नेट लागतं. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन डेव्हलपरने त्यासाठी 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाचं साधन लिहिलं. घरच्या यंत्राला विचारायचं, 'तुला काय काय हवं?' ते एक छोटी फाइल देतं. ती पेन ड्राइव्हवर घेऊन नेट कॅफेत जायचं, तिथल्या यंत्रावर त्या यादीप्रमाणे सगळं उतरवून घ्यायचं आणि घरी येऊन बसवायचं. ज्याने हे लिहिलं त्याला भारतातली लाइट आणि भारतातलं नेट माहीत होतं. नेट सदा चालू असतं असं गृहीत धरणाऱ्या शहरात हे साधन सुचलंच नसतं. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात बसवून ही यात्रा करताना मला कधी कमीपणा वाटला नाही. वाटलं, आपल्यासाठी कुणीतरी विचार केलाय.

आता मराठीचा मुद्दा. त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

इथे गंजगोलाईच्या आसपास, किंवा नांदेडला वजिराबादेत, जी जुनी डीटीपीची दुकानं आहेत तिथे एकदा चौकशी करा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिका, पीएच.डी.चे प्रबंध, गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल यांच्या फाइली सीडींवर पडलेल्या आहेत. फाइल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारण तेव्हा मराठी अक्षर संगणकात 'मराठी' म्हणून साठवलंच जात नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची आणि प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी. तो फॉन्ट गेला, त्याचं कुलूप म्हणून संगणकाला लावायचा तो डोंगल हरवला, की मजकूर मेला. लिहिणाऱ्याचाच मजकूर, आणि त्यालाच वाचता येत नाही.

अशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी सांभाळते. वरवर पाहता काम सोपं: या चिन्हाच्या जागी हे अक्षर, अशी यादी करायची आणि बदलत जायचं. प्रत्यक्षात 'स्थिती' या शब्दावर पहिला अपघात होतो. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तिथे, म्हणजे आधी, टंकलेली असते: आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. भाबडा प्रोग्रॅम वेलांटी उचलून पुढच्या एका चिन्हानंतर ठेवतो, म्हणजे अर्ध्या स ला वेलांटी लागते आणि थ उघडा पडतो. म्हणून जोडाक्षर कुठे संपतं ते आधी शोधायचं. रफाराचं बरोबर उलट. 'कार्य' मध्ये रफार डोळ्यांना य वर दिसतो आणि जुन्या फाइलीत तो य च्या नंतर असतो; युनिकोडमध्ये तो य च्या आधी जायला हवा. आता 'आर्थिक' घ्या. वेलांटी आधी, रफार नंतर, मधे थ, आणि दोघांनी जागा बदलायची, तीही योग्य क्रमाने. हे सगळं सुटलं की 'दुसऱ्या' आणि 'ऱ्हास' येतात. तिथला र वेगळा. तो रफार करून चालत नाही, कारण 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीत बुडता येतं, दुसरीत पडता येतं. शेवटी 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ मध्ये. तोपर्यंत लोकांनी 'ऍ' वर भागवलं. त्यामुळे एकाच स्मरणिकेत 'ऍडव्होकेट' आणि 'ॲडव्होकेट' दोघेही भेटतात आणि शोधताना एकाला दुसरा सापडत नाही.

हा प्रोग्रॅम लिहिताना मला माहूरची आठवण व्हायची. माहूर आमच्या नांदेड जिल्ह्यात. महानुभाव पंथाचं मोठं स्थान. मराठीतलं आरंभीचं गद्य, म्हाइंभटांच्या लीळाचरित्रासह, महानुभावांनी लिहिलं आणि जपलं. पण पुढे त्यांनी ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलं. त्यामागे पावित्र्याची भावना होती, धाक होता, बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये ही काळजी होती. त्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र असा की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं हे गद्य आपल्या भाषेत आहे याचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे, वि. का. राजवाडे या मंडळींच्या खटपटीतून त्या लिपीची किल्ली बाहेर आली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. महानुभावांकडे निदान किल्ली जपणारी परंपरा होती. पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांच्या नकला होत होत्या. आपल्या सीडींच्या बाबतीत तीही नाही. किल्ली कंपनीकडे, कंपनी बंद, आणि सीडीला बुरशी.

म्हणून फॉन्ट कुणाच्या परवान्याखाली आहे हा प्रश्न मला साहित्याचाच प्रश्न वाटतो. रेड हॅटने २००४ मध्ये पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्ता' खुल्या परवान्यावर दिला आणि आज तो कुठे कुठे दिसतो हे तुम्ही रोज बघता. सी-डॅक मुंबईच्या 'जनभारती'तल्या मुलामुलींनी डेबियन बसवतानाचे सगळे संवाद मराठीत आणले. २००९ च्या आवृत्तीपासून डेबियन मराठीत बसवता येतं. शंतनू ओक यांनी मराठी शुद्धलेखन तपासणी खुली करून ठेवली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. ही सगळी मंडळी एका मांडवात कधी आलेली नाहीत, तरी एकाचं काम दुसऱ्याला पायरी म्हणून वापरता आलं, ते परवान्यामुळे.

आता प्रवासाकडे येते. आमचे नातेवाईक विचारतात, सगळं कॉम्प्युटरवरच असतं तर ही बाई सारखी बसस्टँडवर का असते?

त्याचं उत्तर किल्लीत आहे. डेबियनमध्ये मी एखादं पॅकेज पाठवते तेव्हा त्यावर माझ्या गुप्त किल्लीने सही केलेली असते. किल्लीचा दुसरा, उघडा भाग सगळ्यांकडे असतो. त्यावरून यंत्र सही पडताळतं. पण ही किल्ली खरंच माझीच, हे कुणी सांगायचं? पत्रावर कुणीही काहीही नाव घालील. म्हणून पद्धत अशी आहे की आधीपासून प्रकल्पात असलेल्या माणसाला समोरासमोर भेटायचं. किल्लीचा चाळीस अंक-अक्षरांचा ठसा छापलेली चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची, सरकारी ओळखपत्र दाखवायचं. तो फोटोकडे बघतो, तोंडाकडे बघतो, चिठ्ठीवर खूण करतो. घरी जाऊन तो ठसा ताडून बघतो आणि माझ्या किल्लीवर आपल्या किल्लीने सही करतो. ज्याच्या किल्लीवर दुसऱ्यांनी सह्या केल्या, ज्यांच्या किल्ल्यांवर तिसऱ्यांनी केल्या, असं हे जाळं जगभर पसरलेलं आहे, आणि त्यातला प्रत्येक धागा म्हणजे कुणीतरी कुणाला तरी खरोखर भेटलेलं असणं.

बर्लिनमध्ये राहणाऱ्याला हे सोपं आहे. संध्याकाळी चार स्टेशनं गेलं की सही. मी सुरुवात केली तेव्हा औरंगाबादपासून नांदेडपर्यंत सही देणारं मला कुणी सापडलं नाही. मग पुणं. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये 'ग्नूनिफाय' हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, तिथे देशभरातली मंडळी यायची. मी पासपोर्ट काढला तो त्यासाठी. परदेशात लोक पासपोर्टच ओळखतात, तेव्हा तोच असलेला बरा, असा सल्ला मिळाला होता. घरी पोलीस पडताळणीला आले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं अमेरिकेला का?" मी म्हटलं, पुण्याला. काकूंनी नंतर आईला वेगळं विचारून घेतलं.

नांदेडहून निघालेली रात्रीची गाडी लोह्यावरून, माळेगावच्या खंडोबाला बाजूला ठेवून, अहमदपूर, चाकूर करत तुमच्या लातूरला मध्यरात्रीच्या सुमारास चहाला थांबायची. हा रस्ता मला त्या काळात पाठ झाला. कुठे खड्डा आला की मांडीवरचा लॅपटॉप उचलायचा हेसुद्धा. एकटी मुलगी, रात्रीची गाडी, पाठीवर सॅक, हा विषय घरात बराच गाजला. शेवटी पहिल्या खेपेला वडील बरोबर आले. त्यांनी दिवसभर ती गर्दी पाहिली. दाढीवाले, लांब केसवाले, टी-शर्टवर पेंग्विन घातलेले लोक एकमेकांचे पासपोर्ट निरखतायत. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "माणसं बरी आहेत. पण बोलतात फार."

बोलतात फार, हे खरंच. आणि माझ्या मते सहीपेक्षा तेच महत्त्वाचं. ओळखपत्रावरचं नाव खरं असणं आणि माणूस विश्वासाचा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन तास चहाच्या टपरीवर वाद घालताना समोरचा चुकला तर कबूल करतो का, न कळलेलं न कळलं म्हणतो का, गैरहजर माणसाबद्दल कसं बोलतो, हे दिसतं. आपल्याकडे सोयरीक जमवताना याच कारणासाठी पत्रिकेपेक्षा घरी जाऊन येण्याला वजन असतं.

मार्च २०२४ मध्ये अशा विश्वासाची फार मोठी परीक्षा झाली. 'एक्सझेड' नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक साधन आहे. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. लासे कॉलिन हा एकटा माणूस कित्येक वर्षं ते सांभाळत होता, दमलेला होता, तब्येतीच्या अडचणी त्याने उघडपणे लिहिल्याही होत्या. 'जिया टॅन' नावाचा एक स्वयंसेवक आला. दोनेक वर्षं नेमाने चांगलं काम केलं. दुसऱ्या काही नावांनी कॉलिनवर दबाव आला: तुझ्याच्याने होत नसेल तर दुसऱ्याला दे. त्याने हळूहळू कारभार दिला. आणि मग त्यात एक चोरदरवाजा निघाला, ज्यातून जगभरच्या सर्व्हरांत शिरता आलं असतं. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याला स्वस्थ बसवेना. २९ मार्चला त्याने सगळ्यांना कळवलं. नेहमीच्या पक्क्या आवृत्तीत ते पोचण्याआधी पकडलं गेलं. जिया टॅन नक्की कोण हे अजून उघड झालेलं नाही. त्याला कधी भेटलो असं म्हणणारा माणूस पुढे आलेला नाही.

यावरून 'उघड्यावर ठेवल्यामुळे असं होतं' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. कोड बंद असता तर फ्रॉइंडला अर्ध्या सेकंदाचा माग काढता आलाच नसता. मला त्यातून दिसतं ते दुसरंच. लाखो यंत्रं एका थकलेल्या माणसावर टेकलेली होती आणि त्याच्याकडे चहाला कुणी गेलं नव्हतं.

हे लातूरला वेगळं समजावून सांगावं लागू नये. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने रागाच्या भरात 'लेफ्ट-पॅड' नावाचा अकरा ओळींचा तुकडा काढून टाकला आणि त्यावर टेकलेली हजारो कामं बसल्या जागी अडली. त्याच महिन्यात या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. मांजरा धरण कोरडं, दुसरी सोय नाही. पुढच्या महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर तोडून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे इथे आली. आपण सगळे एकाच ठिकाणावर किती टेकलोय हे नळाला पाणी येत असताना कुणी मोजत नाही.

पुण्याइतकंच माझं हैदराबादला जाणं होतं. नांदेडला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, आणि निजामाच्या काळातला रूळ अजून कामाला येतो. तिथे 'स्वेच्छा' नावाची संस्था तेलुगूत हेच काम करते, आणि कॉलेजांतली पोरं शेकड्याने त्यात असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद भारतात पहिल्यांदा भरली, कोचीला. देवगिरीने सिकंदराबाद, पुढे शबरी एक्स्प्रेस. ज्यांची पत्रं वर्षानुवर्षं वाचली ती माणसं केळीच्या पानावर शेजारी जेवायला. पत्रात अत्यंत तिरसट वाटणारा एक जर्मन गृहस्थ प्रत्यक्षात इतका लाजाळू निघाला की त्याला भात हवाय हे मलाच सांगावं लागलं. त्याच परिषदेतल्या सहलीच्या दिवशी केरळचाच एक तरुण डेबियन डेव्हलपर पाण्यात बुडून गेला. त्याबद्दल मी इथे जास्त बोलू शकणार नाही.

परिषद केरळातच का झाली, याचं कारण मात्र बोलण्यासारखं आहे. केरळने सरकारी शाळांत 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून दोन दशकांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअर आणलं, शिक्षकांना त्यात तयार केलं. आज तिथल्या शाळेत शिकलेल्या मुलाला लिनक्स म्हणजे काही वेगळं वाटत नाही. आपण महाराष्ट्रात २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आणला. त्याने खेड्यापाड्यांतल्या लाखो लोकांचा हात माउसला लागला, त्यात माझ्या दोन मावशा आहेत, आणि ते मी कमी लेखत नाही. पण संगणक म्हणजे एकाच कंपनीची खिडकी, ही समजूतही त्यातूनच पक्की झाली.

लातूरमध्ये उभं राहून परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नबद्दल बोलायचं धाडस करते. त्यावर टीका करणं आता फॅशन झालीय. माझा अनुभव जरा मिश्र आहे. एकच प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवणारी, पहाटे उठून बसणारी मुलं आमच्या कामाला उत्तम. चुकांच्या अहवालांचा ढीग उपसायला जी बैठक लागते ती त्यांच्याकडे आहे. अडतं ते दुसरीकडे. चार पर्यायांतून एक निवडायची सवय झालेली मुलगी कार्यशाळेत विचारते, "मॅडम, बरोबर उत्तर कोणतं?" तिला म्हणावं लागतं, अजून कुणी काढलेलं नाही, तूच काढ. आणि चारचौघांत, उघड्यावर, आपल्या नावानिशी 'मला हे येत नाही' असं लिहायचं म्हटलं की तिचा हात थबकतो. इथल्या शिकवणी वर्गांच्या उद्योग भवन परिसरात एखादी गोष्ट न येणं ही लपवायची गोष्ट असते. आमच्याकडे पहिली पायरीच ती.

मुलींबद्दल एक. या क्षेत्रात बायका फार थोड्या आहेत, डेबियनमध्येही. आउटरीची नावाची एक योजना आहे, घरबसल्या तीन महिने काम, मार्गदर्शक आणि बऱ्यापैकी पैसे. निवड होण्याआधी प्रत्यक्ष थोडं काम करून दाखवावं लागतं, त्यामुळे मार्कशीट कुणी बघत नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या आणि इथल्या कॉलेजांतल्या मुलींनी अवश्य बघावी. पालकांनी एवढंच करावं: रात्री दहानंतर ती संगणकावर दिसली तर आधी विचारावं, मग ओरडावं.

१७ सप्टेंबर आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, आणि २०२२ मध्ये दोन्ही एकाच दिवशी आले. त्या दिवशी झेंडावंदन करून आम्ही काहीजण एका वाचनालयात जमलो आणि लोकांच्या जुन्या सीडी उघडत बसलो. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावच्या रझाकारी काळातल्या आठवणी गोळा करून टंकून घेतल्या होत्या. ज्यांनी सांगितल्या त्यांतलं कुणीही आता हयात नाही. छापील प्रत पुरात गेलेली. फाइल दुपारपर्यंत उघडली. वेलांट्या, रफार सगळं जागेवर. काही नावांत गडबड राहिली होती, ती सरांनी पडद्याकडे बघून तोंडी सांगितली आणि आम्ही दुरुस्त केली. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे आता पुन्हा नाही ना बंद पडणार?" आम्ही त्यांना एक प्रत दिली, एक वाचनालयाला दिली आणि एक त्यांच्या परवानगीने नेटवर ठेवली.

तसंच काम उद्या इथे करायचा विचार आहे. संयोजकांनी मागची खोली दिली आहे. ज्यांच्याकडे जुन्या सीडी, फ्लॉपी, बंद पडलेले पीसी असतील त्यांनी सकाळी दहानंतर घेऊन यावं; फ्लॉपीचा ड्राइव्ह मी नांदेडहून आणलाय. फॉन्टचं नाव आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून आणा, नसेल आठवत तर त्याच दुकानात छापलेली एखादी लग्नपत्रिका आणा, त्यावरून कळतं. आणि कुणाला किल्लीवर सही हवी असेल तर पासपोर्ट विसरू नका. माझी एक सही मिळेल. पुढच्या सहीसाठी रात्रीची गाडी आहेच.

आता प्रश्न घेते. 'लॅपटॉप स्लो झालाय' हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी.